चावी कोणाच्या हाती?

सोमवारी सकाळी पतसंस्थेचे शटर वर करून मी टेबलावर फडका मारीत होतो. इतक्यात खिडकीशी मावशी येऊन उभ्या राहिल्या. सफाई खात्यात उभी हयात गेलेली बाई. महिन्याच्या सुरुवातीला पासबुक घेऊन येणार, हप्ता भरणार, "बरं हाय ना दादा?" असे विचारून जाणार. त्या दिवशी हातात पासबुक नव्हते आणि चेहऱ्यावर हसूही नव्हते.

"दादा, एक विचारू?"

"विचारा ना मावशी."

"मी कर्ज काढलं ते तुमच्या या खिडकीवर काढलं. चौकात उभं राहून नाही काढलं. मग चौकातल्या माणसाला माझे किती हप्ते थकले ते कसं कळलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मावशींच्या नवऱ्याला डायलिसिसवर ठेवले होते. त्या धावपळीत तीन हप्ते राहिले होते. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक आणि आमच्या वसुली समितीला ठाऊक. पण शनिवारी हजेरीच्या वेळी, पंधरा-वीस माणसांसमोर, पाणीपुरवठा खात्यातला एक गृहस्थ म्हणाला होता, "तीन हप्ते थकवून बसलीस आणि आम्हाला शिकवतेस?" आकडासुद्धा बरोबर सांगितला. त्याच संध्याकाळी मावशींच्या दोन जामीनदारांपैकी एक बाई घरी जाऊन म्हणाली, "माझं नाव काढून घ्या, माझ्या पगाराला हात लागायचा."

मावशी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा होता," आणि निघून गेल्या. वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, पण त्या तीन शब्दांइतके मला काही लागले नाही. कारण त्या माहितीची चावी माझ्या हाती होती.

ही चावी माझ्याकडे कशी आली ते आधी सांगतो. मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर टायपिंगच्या परीक्षा आणि नंतर हिशेबाचे पॅकेज, एवढेच. आमची संस्था कामगारांची. हिशेब संगणकावर आला त्याला बरीच वर्षे झाली. पण संचालक मंडळाला दर बैठकीत थकबाकी किती, कोणत्या खात्याची वसुली किती, ठेवी किती वाढल्या, याचे तक्ते हवे असत. ते मी रात्र-रात्र बसून हाताने करीत असे. मग एका होतकरू तरुणाने मेटाबेस नावाचे सॉफ्टवेअर बसवून दिले. हे २०१५ साली सर्वांसाठी मोफत खुले झालेले सॉफ्टवेअर आहे. हिशेबाच्या डेटाबेसला ते जोडले की प्रश्न विचारायचा आणि उत्तराचा तक्ता किंवा आलेख घ्यायचा. असे आठ-दहा तक्ते एका पानावर मांडले की त्याला डॅशबोर्ड म्हणतात. अशा सॉफ्टवेअरना इंग्रजीत 'बिझनेस इंटेलिजन्स' असे भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर वहीत काय दडले आहे ते चटकन दाखवणारा हुशार मुनीम.

तो तरुण पुढे पुण्यास नोकरीला गेला. जाताना एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला व म्हणाला, "काका, आता अॅडमिन तुम्ही." मला काय, मोठेपणा वाटला. घरी सांगितले तर सौभाग्यवती म्हणाली, "पगार वाढला का?" मी म्हणालो, "नाही, अधिकार वाढला." ती म्हणाली, "मग जबाबदारीपण वाढली असेल." तिचे बोलणे मी तेव्हा हसण्यावारी नेले.

मावशी गेल्या त्या दिवशी मी संध्याकाळी घरी गेलो नाही. शटर अर्धे ओढून संगणकासमोर बसलो आणि त्या गृहस्थाला ती यादी कशी दिसली याचा माग काढू लागलो. तो आमच्या खातेनिहाय वसुली प्रतिनिधींपैकी एक. आपापल्या खात्याची एकूण कपात किती झाली ते पाहावे, म्हणून सर्व प्रतिनिधींना मीच लॉगिन दिले होते. सभासदांच्या नावानिशी असलेली यादी त्यांना दिसू नये, याचीही व्यवस्था मी केली होती. निदान तसा माझा समज होता.

ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेण्यासारखे आहे. मेटाबेसमध्ये परवानगी एकेका माणसाला देत नाहीत, गटाला देतात. 'वसुली प्रतिनिधी' हा एक गट, 'हिशेब विभाग' हा दुसरा, 'संचालक' हा तिसरा. माणूस ज्या गटात बसवाल त्या गटाची परवानगी त्याला मिळते. परंतु दोन गट सॉफ्टवेअर स्वतःच करून ठेवते. एक 'अॅडमिनिस्ट्रेटर्स', त्यांना सर्व काही मोकळे. दुसरा 'ऑल यूजर्स', म्हणजे सर्व वापरकर्ते. ज्याला ज्याला लॉगिन आहे तो या गटात असतोच. त्यातून कोणाला काढता येत नाही.

आता गोम इथे आहे. एक माणूस दोन गटांत असला आणि एका गटाला यादी पाहायची परवानगी असली, दुसऱ्याला नसली, तर काय होते? या सॉफ्टवेअरमध्ये जिथे जास्त मोकळीक आहे ती लागू होते. मी 'वसुली प्रतिनिधी' गटापुढे 'प्रवेश नाही' असे लिहिले होते. पण 'ऑल यूजर्स' गटाला मुख्य कप्पा पहिल्यापासून उघडा होता आणि प्रतिनिधी त्याही गटात होतेच. म्हणजे पुढच्या दाराला मी कुलूप घातले आणि मागचे दार सताड उघडे ठेवले. बरे, सॉफ्टवेअरने मला सांगितले नव्हते असेही नाही. त्या ओळीशेजारी इशाऱ्याची एक खूण होती. 'ऑल यूजर्स' गटाला याहून अधिक परवानगी आहे, तुमचे हे बंधन चालणार नाही, असे तिचे म्हणणे होते. ती खूण मी रोज पाहत होतो. वाचली मात्र कधी नाही.

दुसरी चूक त्याहून साधी. मूळ तक्त्यांना, म्हणजे सभासद आणि कर्ज यांच्या नोंदींना, प्रतिनिधींनी हात लावू नये म्हणून स्वतः प्रश्न विचारण्याची सोय मी बंद केली होती. पण त्या नोंदींवरून आधीच तयार केलेला 'थकबाकी यादी' हा तक्ता मुख्य कप्प्यात पडून होता. आम्ही वापरतो त्या मोफत आवृत्तीत कप्पा पाहायची परवानगी असली की त्यातल्या तयार तक्त्याचे उत्तरही दिसते, मग मूळ नोंदी बंद का असेनात. घरात डाळ-तांदळाच्या डब्यांना कुलूप लावावे आणि शिजलेले पातेले ओट्यावर उघडे ठेवावे, तसा हा प्रकार झाला.

मग मी विचार केला, निदान ही यादी कोणी कोणी उघडली ते तरी शोधावे. तर कोणी काय पाहिले याचा तपशील मांडून दाखवणारी सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. आमच्याकडे ती नाही. म्हणजे मावशींनी विचारले असते की, "किती जणांनी पाहिलं?" तर मला खाली मान घालण्यापलीकडे उत्तर नव्हते.

त्या रात्री मी एक एक कप्पा तपासत गेलो आणि एका चुकीमागून दुसरी बाहेर येऊ लागली.

वापरकर्त्यांच्या यादीत तेवीस नावे होती. त्यांतली सहा माणसे निवृत्त झाली होती किंवा नोकरी सोडून गेली होती. एकाचे तर निधन झाले होते, त्यांच्या शोकसभेत मी स्वतः बोललो होतो. लॉगिन मात्र सगळ्यांचे जिवंत. कपाटाची चावी परत घेतल्याशिवाय आपण निवृत्तीचा हिशेब पुरा करीत नाही, पण संगणकाची चावी कोणी मागितलीच नाही. अशी खाती या सॉफ्टवेअरमध्ये निष्क्रिय करता येतात. माणसाने केलेले तक्ते राहतात, त्याचे आत येणे तेवढे थांबते.

अॅडमिन गटात पाच जण होते. मी, पुण्यास गेलेला तो तरुण, दोन संचालक आणि 'ऑफिस' नावाचे एक सामाईक खाते. त्या खात्याचा पासवर्ड संगणकाच्या पडद्याखाली चिकटवलेला. चहावाल्या पोरालाही तो पाठ असावा. अॅडमिनला या व्यवस्थेत कुठलेच बंधन घालता येत नाही, इतरांच्या खाजगी कप्प्यांतले तक्तेही तो पाहू शकतो.

एक तक्ता 'पब्लिक लिंक' करून ठेवलेला होता. म्हणजे तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय तो तक्ता दिसणार. कोणीतरी सोयीसाठी केले होते, मग विसरून गेले. आणखी एक डॅशबोर्ड दर सोमवारी ईमेलने आपोआप जात होता. अशा ईमेलमध्ये वाचणाऱ्याची परवानगी पाहिली जात नाही. ज्याने ती टपाल-व्यवस्था लावून दिली त्याला जे दिसते, तेच सर्वांना जाते. आमची ती व्यवस्था अॅडमिनने लावलेली आणि घेणाऱ्यांत एका माजी संचालकाचा पत्ता. माजी होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती.

मग सर्व्हर. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात पंख्याखाली ठेवलेला तो संगणक, ज्यावर हे सॉफ्टवेअर चालते. मेटाबेस आपली स्वतःची दप्तरे, म्हणजे कोण वापरकर्ते, कोणते गट, कोणते तक्ते, एका छोट्या फाइलीत ठेवते. एच-टू असे त्याचे नाव. शिकाऊ वापरासाठी ते ठीक, पण रोजच्या खऱ्या कामाला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वापरावे असे बनवणारेच सांगतात. आमचे सर्व काही त्या एका फाइलीत आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. शिवाय हिशेबाच्या डेटाबेसला मेटाबेस जोडले होते ते पूर्ण अधिकाराच्या नावाने. ज्याला फक्त वही वाचायची आहे त्याच्या हाती आपण पेन आणि खोडरबरही देऊन बसलो होतो.

सगळ्यांत भीती वाटली ती आवृत्तीची. जुलै २०२३ मध्ये या सॉफ्टवेअरमधला एक गंभीर दोष जाहीर झाला होता. सॉफ्टवेअर बसवताना वापरायचा एक सांकेतिक शब्द काम झाल्यावरही बाहेरून वाचता येत होता. त्याच्या जोरावर लॉगिन नसलेला माणूससुद्धा सर्व्हरवर आज्ञा चालवू शकत होता. बनवणाऱ्यांनी दुरुस्त आवृत्ती काढली आणि ताबडतोब बदला असे कळकळीने सांगितले. आम्ही बदलली नव्हती. घर बांधताना गवंड्याला दिलेली चावी खिळ्याला तशीच टांगून आम्ही सुखाने झोपत होतो.

रात्री अकरा वाजता घरी गेलो. मुलगी अभ्यास करीत बसली होती. तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मग सॉफ्टवेअरच वाईट आहे." मी म्हणालो, "नाही गं. मी जे सांगितले तेच त्याने केले. मला काय सांगायचे होते ते त्याला कसे कळणार?"

पुढचा एक महिना मी हेच काम केले. काय केले ते लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज अशा कामांवर आहेत. आपली मंडळे, पतसंस्था, बचत गटही संगणकावर येत आहेत.

पहिल्याप्रथम 'ऑल यूजर्स' गटाचे सर्व अधिकार काढून घेतले. पाया रिकामा केला. मग ज्या गटाला जे लागते तेवढेच मोजून दिले. प्रतिनिधींना फक्त आपल्या कामाचा कप्पा आणि त्यात नाव नसलेले, नुसत्या बेरजांचे तक्ते. फेरफार करण्याची परवानगी हिशेब विभागाला, संचालकांना फक्त पाहण्याची. नवा कप्पा उघडला की तो आपल्या वरच्या कप्प्याच्या परवानग्या घेऊन जन्माला येतो. म्हणून कप्पा करायचा, आधी परवानग्या तपासायच्या, मगच त्यात तक्ता ठेवायचा, असा शिरस्ता घातला.

गेलेल्या माणसांची खाती निष्क्रिय केली. पब्लिक लिंक बंद. ईमेलची यादी कोरी करून नव्याने लिहिली. एकदा आत शिरले की मेटाबेस मुळात चौदा दिवस लॉगिन चालू ठेवते. आमच्याकडे एका संगणकावर चार-चार जण बसतात, म्हणून ब्राउझर बंद केला की लॉगिन संपावे अशी व्यवस्था केली. दप्तरे पोस्टग्रेसवर हलवली, रोज रात्री प्रत निघू लागली. हिशेबाच्या डेटाबेससाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे नाव तयार केले. आवृत्ती बदलली. डेटाबेसचा पासवर्ड मेटाबेसच्या पोटात असतो. तो सांकेतिक रूपात राहावा म्हणून एक गुप्त किल्ली ठेवता येते. ती किल्ली कागदावर लिहून, लिफाफा मोहोरबंद करून तिजोरीत ठेवली. यातले सर्व्हरचे काम मला एकट्याला झेपणारे नव्हते. पुण्याच्या त्या तरुणाने दोन रविवार फोनवर बसून करवून घेतले. त्याचे अॅडमिन खाते बंद करतो म्हणताच तो म्हणाला, "काका, हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

खरी अडचण संगणकाची नव्हतीच, ती माणसांची होती. दोन संचालकांचे अॅडमिनपण काढले तेव्हा त्यांतले एक माझ्यावर तापले. "मी निवडून आलेला माणूस आहे. मला सगळं दिसलं पाहिजे. तू कोण मला अडवणारा?" मी नम्रपणे म्हणालो, "साहेब, आपल्या संस्थेच्या तिजोरीला दोन चाव्या आहेत. एक मॅनेजरांकडे, एक खजिनदारांकडे. आपण निवडून आलात म्हणून तिसरी चावी मागितली नाहीत. मग हिला का मागता?" ते काही बोलले नाहीत. बैठकीत विषय निघाला तेव्हा मी लेखी मांडले की, कोणाला काय दिसावे हे मी ठरवणार नाही, मंडळाने ठरवावे. मी फक्त तसे लावीन. कोणत्या गटाला काय दिसते याचा एक कागद करून मंडळाने सह्या केल्या. दर तीन महिन्यांनी तो कागद आणि संगणकावरची यादी ताडून पाहायची आणि ती मी नव्हे, अंतर्गत तपासनिसाने पाहायची, असेही ठरले.

तेव्हापासून मी माझ्यासाठीही दोन खाती केली आहेत. रोजचे काम साध्या खात्यावर. अॅडमिनचे खाते परवानग्या बदलायच्या असतील तेव्हाच उघडतो आणि उघडले की वहीत तारीख, वेळ, कारण लिहितो. सर्वांना शिस्त लावणाऱ्याने स्वतः बेशिस्त राहावे, हे बरे नव्हे.

या निमित्ताने थोडे वाचन झाले. अमेरिकेतील जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी काही तत्त्वे घालून दिली. माणसाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्या, त्याहून जास्त नको. मुळात सर्व बंद असू द्या आणि जे उघडायचे ते कारण पाहून उघडा. महत्त्वाच्या कुलपाला दोन चाव्या दोघांकडे ठेवा. मी वाचून थक्क झालो. आमच्या जुन्या हेडक्लार्कने मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेच शिकवले होते. वही टेबलावर उघडी टाकून चहाला जायचे नाही, हे त्यांचे पहिले वाक्य. पन्नास वर्षांपूर्वीचे शास्त्र आणि टेबलावरची शिस्त, दोन्ही एकच.

त्याहून जुनी गोष्ट म्हणजे आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली 'बिझनेस इंटेलिजन्स' याच नावाने लेख लिहिला. कोणती माहिती संस्थेतल्या कोणाच्या उपयोगाची आहे ते ओळखून ती त्याच्यापर्यंत पोचवावी, हा त्यातला मुख्य विचार. म्हणजे या विद्येच्या मुळाशी सुरुवातीपासून हा प्रश्न आहे की, कोणाला काय मिळावे. आपण आलेखांच्या रंगांना भुललो आणि तो प्रश्न विसरलो.

प्रत्येक सॉफ्टवेअर या प्रश्नाचे उत्तर आपापल्या रीतीने देते, हेही ध्यानात ठेवावे. मेटाबेसमध्ये जास्त मोकळीक जिंकते, तर टॅब्लोमध्ये एका गटाने दिले आणि दुसऱ्या गटाने स्पष्ट नाकारले तर नकार जिंकतो. पॉवर बीआयमध्ये ज्याच्या त्याच्या ओळीच त्याला दिसाव्यात असा नियम लावला, तरी कामाच्या जागेत तो फक्त 'व्ह्यूअर' म्हणजे नुसत्या पाहणाऱ्याला बांधतो. फेरफार करू शकणाऱ्यांना सर्व ओळी दिसतातच. म्हणून एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे डोळे झाकून चालवू नये. नवीन परवानगी लावली की त्या गटातल्या साध्या माणसाचे एक तात्पुरते खाते करावे आणि त्यातून आत शिरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मी हे आधी केले असते तर पाच मिनिटांचे काम होते.

खाजगीपणा हा श्रीमंतांचा चोचला आहे असे काहींना वाटते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो हक्क बंगल्यातल्या माणसाला आहे तसा चाळीतल्या बाईलाही आहे. उलट हातावर पोट असणाऱ्याला त्याची गरज अधिक. श्रीमंताचे कर्ज उघडे पडले तर त्याला दुसरी बँक मिळते. आपल्या माणसाचे उघडे पडले तर त्याचा जामीनदार जातो, दुकानातली उधारी बंद होते, वस्तीत मान जातो.

महिना संपता संपता मी मावशींच्या घरी गेलो. काय चुकले ते लपवून न ठेवता सांगितले. "मावशी, चूक त्या माणसाची आहेच, त्याला मंडळाने समज दिली आहे. पण दार मी उघडे ठेवले होते. मला माफ करा." जामीनदार बाईंनाही मी भेटलो होतो. कर्जाची मुदत वाढवून देण्याचा ठराव झाल्याचे कळल्यावर त्या थांबायला तयार झाल्या.

मावशींनी चहा ठेवला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, त्या मशीनमध्ये माझं सगळं दिसतं म्हणता. दुसऱ्या खात्यातल्या माणसाला दिसलं. साहेबांना दिसतं. तुम्हाला दिसतं. मग मला का नाही दिसत?"

मी कप खाली ठेवला. महिनाभर मी दारे बंद करीत होतो. एक दार उघडायचेही होते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. खरे तर कायदा हेच सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ३२ सभासदाला संस्थेच्या दप्तरातल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात येऊन विनामूल्य पाहण्याचा हक्क देते. स्वतःच्या, दुसऱ्याच्या नव्हे. आज संगणकवाले ज्याला ओळीनिहाय परवानगी म्हणतात, ती आपल्या सहकार कायद्यात संगणक यायच्या आधीपासून आहे.

मेटाबेसमध्ये ज्याला त्याला त्याच्याच ओळी दाखवण्याची सोय पैशाच्या आवृत्तीत आहे. आमच्या संस्थेला ती परवडत नाही. म्हणून आम्ही साधा मार्ग काढला. दर महिन्याला प्रत्येक कर्जदाराच्या नावे एक कागद छापतो. मूळ कर्ज, भरलेले हप्ते, राहिलेले हप्ते, व्याज. कागद बंद लिफाफ्यात घालून त्याच्याच हाती देतो, सही घेतो. ज्याला वाचता येत नाही त्याला खिडकीच्या आत, खुर्चीवर बसवून वाचून दाखवतो. हळू आवाजात.

पहिला लिफाफा मी मावशींना दिला. त्यांच्या नातीने तो वाचला आणि म्हणाली, "काका, यात एक हप्ता दोनदा थकीत धरलाय." मी वही काढून पाहिली. पोरीचे बरोबर होते. थकलेले हप्ते तीन नव्हते, दोन होते. चौकात बोलला गेला तो आकडाच मुळात चुकीचा होता आणि इतके दिवस तो पाहणाऱ्यांपैकी एकालाही ते कळले नव्हते.

मी मावशींच्या समोरच नोंद दुरुस्त केली. त्यांनी लिफाफा घडी घालून पदराच्या गाठीला बांधला. "बरं हाय ना दादा?" म्हणाल्या आणि कामावर गेल्या.